जबड्याच्या हाडाची भर : कोलॅजेन म्हणजे काय आणि ते येते कोठून?

माल पारखताना व्यापाऱ्याला दोन प्रश्न सवयीनेच पडतात. माल कशाचा बनलेला आहे, हा पहिला. आणि तो कोठून आला, हा दुसरा. दंतवैद्याच्या दवाखान्यात गेल्यावर मात्र आपल्यापैकी पुष्कळ जण हे दोन्ही प्रश्न विचारीत नाहीत. ‘हाड झिजले आहे, थोडी भर घालावी लागेल,’ असे दंतवैद्य सांगतात. आपण मान डोलावतो. आणि ती भर कशाची होती हे काम उरकून घरी आल्यावर एखाद्या जाणत्या आप्ताकडून कळते. मग घरातील वडीलधाऱ्यांच्या मनाला जी टोचणी लागते ती कित्येक दिवस जात नाही. याच्या उलट, ‘त्या औषधांत प्राण्यांचे काहीतरी असते’ एवढेच अर्धवट ऐकून काही मंडळी उपचारच टाळतात, आणि पुढे वर्षानुवर्षे भाकरी दुधात कुस्करून खातात. या दोन्ही गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत. त्यासाठी विषयाची थोडी ओळख मात्र हवी. ती सभासद बंधुभगिनींना करून द्यावी, या हेतूने आम्ही हा विषय यंदाच्या स्मरणिकेसाठी निवडला आहे.

दात गेल्यावर हाड का जाते?

जबड्याच्या हाडाचा वरचा भाग, म्हणजे ज्यात दातांची मुळे रुतलेली असतात तो कडेचा उंचवटा, हा जणू दातांसाठीच निर्माण झालेला असतो. चावताना दातावर पडणारा दाब मुळांवाटे त्या हाडाला पोचतो, आणि त्या दाबामुळेच ते हाड टिकून राहते. दात काढला की हा व्यवहार थांबतो. शरीर काटकसरी आहे. ज्या हाडाला काम उरले नाही ते हाड ते हळूहळू मोडून टाकते. दाढ काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्या जागेच्या हाडाची रुंदी साधारणपणे निम्म्यावर येते, आणि यातील बहुतेक घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. ज्यांना पायोरिया आहे त्यांचे हाड तर दात जागेवर असतानाच हिरडीच्या आत झिजत असते.

पूर्वी याची फारशी चिंता कोणी करीत नसे. दात गेले की कवळी बसवावी, एवढाच मार्ग होता. १९६५ साली स्वीडनमधील ब्रॉनेमार्क यांनी टायटॅनियम धातूचा खिळा माणसाच्या जबड्यात बसवून त्यावर कृत्रिम दात उभे करून दाखविले, तेव्हापासून परिस्थिती पालटली. हा खिळा, ज्याला आज सर्व जण इम्प्लांट म्हणतात, हाडाशी एकजीव होतो. परंतु त्यासाठी भोवती पुरेसे हाड असावे लागते. भिंतच पातळ असेल तर खुंटी कशी ठोकणार? म्हणून हाड भरून काढण्याची विद्या दंतवैद्यकात महत्त्वाची ठरली. आज आपल्या बडोद्यातही हे उपचार नित्याचे झाले आहेत. शहरात आणि वाघोडिया तालुक्यातील पिपरिया येथे दंतवैद्यकीय महाविद्यालये असल्यामुळे त्यांसाठी मुंबईची वाट धरण्याचे कारण उरलेले नाही.

शरीर हाड कसे बांधते?

हाडाची भर म्हणजे भिंतीतल्या भोकात सिमेंट लिंपावे तसा प्रकार असावा, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. बाहेरून घातलेले द्रव्य स्वतः हाड होत नाही. हाड बांधते ते रोग्याचे स्वतःचे शरीरच. बाहेरचे द्रव्य त्याला जागा, आधार आणि अवधी मिळवून देते. हा एक मुद्दा नीट समजला की पुढचे सगळे सोपे होते, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो.

दात काढल्याबरोबर रिकामी खोबण रक्ताने भरते आणि ते रक्त गोठते. ही गुठळी म्हणजे दुरुस्तीचे पहिले भांडवल. म्हणूनच दंतवैद्य पहिल्या दिवशी जोराने चुळा भरू नका, थुंकू नका असे बजावतात. गुठळी निघून गेली तर आतले हाड उघडे पडते आणि फार वेदना होतात. सुमारे आठवड्याभरात गुठळीच्या जागी बारीक रक्तवाहिन्यांनी भरलेला मऊ लालसर ऊतक येऊ लागतो. मग भोवतालच्या हाडातून अस्थिपेशी आत सरकतात. या पेशी प्रथम धाग्यांचे एक जाळे विणतात, आणि त्या जाळ्यावर कॅल्शियम व फॉस्फेट यांचे अतिसूक्ष्म स्फटिक बसतात. सहा ते आठ आठवड्यांत खोबणीत कच्चे हाड दिसू लागते. ते पक्के होण्यास मात्र कित्येक महिने लागतात.

अस्थिपेशी जे धागे विणतात ते धागे म्हणजेच कोलॅजेन.

कोलॅजेन म्हणजे काय?

हा शब्द नवा वाटला तरी वस्तू आपल्या पाहण्यातली आहे. सुतार लाकूड जोडण्यासाठी जो सरस वापरीत, तो कातडी व हाडे शिजवून काढलेला असे. सरस म्हणजे शिजलेले कोलॅजेन. ग्रीक भाषेत सरसाला ‘कोल्ला’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. औषधाच्या कॅप्सूलचे कवच ज्या जिलेटिनचे असते तेही कोलॅजेनच शिजवून होते. आपल्या शरीरातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे पाव ते तिसरा हिस्सा कोलॅजेनचा असतो. कातडी, कंडरा, हिरडी, दाताला हाडाशी बांधणारे तंतू आणि हाड, या सर्वांना धरून ठेवणारा धागा हाच. हाडाच्या वजनातील सुमारे दोनतृतीयांश भाग खनिजाचा असतो. उरलेल्यात पाणी आणि सेंद्रिय भाग येतो, आणि या सेंद्रिय भागातील सुमारे नव्वद टक्के कोलॅजेन असते. नुसते खनिज असते तर हाड खडूसारखे तुटले असते. नुसते कोलॅजेन असते तर दोरीसारखे वाकले असते. दोहोंच्या संयोगाने ते कणखर होते.

या धाग्याची घडण प्रथम उलगडली ती आपल्याच देशात, ही अभिमानाची गोष्ट आहे. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. १९५२ साली तेथे आलेल्या बर्नाल या इंग्लंडातील शास्त्रज्ञांशी झालेल्या बोलण्यातून त्यांचे लक्ष कोलॅजेनच्या रचनेकडे वळले. क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांनी व त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्था यांनी दोनच वर्षांत, १९५४ मध्ये, कोलॅजेनच्या रेणूत तीन सरी एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, असे ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. तीन पदरी पिळाच्या दोरीसारखा हा रेणू असतो. प्रत्येक सरीत सुमारे हजार अमिनो आम्लांचे मणी असतात आणि दर तिसरा मणी ग्लायसीन नावाच्या सर्वांत लहान अमिनो आम्लाचा असतो. तो लहान असतो म्हणूनच तीन सरी इतक्या घट्ट पिळता येतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हा पीळ पक्का बसण्यासाठी शरीराला क जीवनसत्त्वाची गरज लागते. जुन्या काळी दीर्घ प्रवासातील खलाशांच्या हिरड्या सुजून दात हलू लागत, त्याचे कारण हेच की ताज्या फळांअभावी त्यांच्या शरीरात नीट कोलॅजेन बनतच नसे. आवळा, लिंबू, पेरू यांत हे जीवनसत्त्व भरपूर असते. म्हणजे जे कोलॅजेन माणसाच्या जखमा भरून काढते ते शाकाहारी माणसाचे शरीर स्वतःच तयार करते. त्यासाठी बाहेरचे कोलॅजेन खावे लागत नाही.

भरीचे काम कसे चालते?

मग शरीर स्वतः कोलॅजेन विणत असताना बाहेरून घालण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन असे की मोठी पोकळी भरण्यास शरीराला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात जागा हातची जाते. हिरडीच्या पेशी अस्थिपेशींपेक्षा पुष्कळ वेगाने वाढतात. त्या आधी पोकळीत उतरल्या तर ती मांसाने भरून जाते आणि हाडाला जागाच उरत नाही. पोकळीच्या तोंडावर बारीक पडदा ताणून हिरडीला अडविले तर आत योग्य ऊतक वाढण्यास सवड मिळते, हे १९८२ साली स्वीडनमधील नायमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष रोग्यावर दाखविले. पुढे हे पडदे कोलॅजेनचे होऊ लागले, कारण ते नंतर काढावे लागत नाहीत.

दंतवैद्यकात कोलॅजेन चार कामे करते. एक, ते रक्तातील प्लेटलेट नावाच्या कणांना धरून ठेवते, त्यामुळे रक्तस्राव लवकर थांबतो आणि गुठळी जागेवर टिकते. दोन, त्याच्या धाग्यांवरून अस्थिपेशी आत चढतात, जसा वेल मांडवावर चढतो. तीन, पडद्याच्या रूपाने ते हिरडीला दूर ठेवते. आणि चार, आपले काम झाले की ते निघून जाते. शरीरातील पाचक रस त्याला विरघळवून टाकतात. खोबणीत बसविण्याची कोलॅजेनची बोळी काही आठवड्यांत विरते. पडदा प्रकारानुसार एक ते सहा महिने टिकतो.

या चौथ्या गुणाचे मर्म समजण्यासाठी बडोदेकरांना लांब जावयास नको. शहरालगतच्या अकोटा येथे १९५१ साली प्राचीन जैन धातुमूर्तींचा जो मोठा संचय सापडला, त्यातील मूर्ती आपल्या बडोदा संग्रहालयात पाहावयास मिळतात. अशा मूर्ती घडविण्याची रीत अशी की प्रथम मेणाची मूर्ती करावयाची, तिच्यावर मातीचा लेप द्यावयाचा, मग तापवून मेण वितळवून काढावयाचे आणि त्याने सोडलेल्या जागेत रस ओतावयाचा. मेण मूर्तीत राहत नाही. पण मेणाने जागा धरून ठेवली नसती तर मूर्ती आकाराला आली नसती. कोलॅजेनचेही तसेच आहे. फरक इतकाच की येथे मेण एकदम वितळत नाही, तर जसजसे हाड येत जाते तसतसे ते थोडथोडे जागा सोडीत जाते.

नुसत्या कोलॅजेनमध्ये एक उणीव आहे. ते मऊ असते, ओले झाले की दबते, आणि मोठ्या पोकळीत आकार टिकवू शकत नाही. म्हणून त्यात हाडातील खनिजासारखे, हायड्रॉक्सिॲपटाइट नावाचे कण मिसळतात. खनिज आकार धरते, कोलॅजेन कण एकत्र बांधते. दुसरा मार्ग म्हणजे हाडातील खनिज आम्लाने काढून टाकून उरलेला कोलॅजेनयुक्त भाग वापरणे. असे खनिज काढलेले हाड स्नायूत ठेवले तरी तेथे नवे हाड उगवते, हे अमेरिकेतील मार्शल उरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले. हाडात दडलेली काही प्रथिने भोवतालच्या पेशींना अस्थिपेशी होण्याचा संदेश देतात, असे त्यावरून पुढे कळले.

ते येते कोठून?

आता व्यापाऱ्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. आज दंतवैद्यकात वापरले जाणारे बहुतेक कोलॅजेन प्राण्यांपासून येते. गाईबैलांची कातडी, कंडरा आणि हाडे. डुकराची कातडी व इतर ऊतक. आणि माशांची कातडी, हे त्याचे मुख्य उगम होत. ते अनेक वेळा धुऊन, आम्लात व पाचक द्रव्यांत ठेवून, शुद्ध करून, गोठवून वाळवितात आणि निर्जंतुक करतात. वैद्यकीय दृष्ट्या ही द्रव्ये सुरक्षित मानली जातात आणि जगभर असंख्य रोग्यांना त्यांचा लाभ झाला आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु त्यांचे मूळ कत्तलखान्याशी निगडित आहे हेही तितकेच खरे, आणि अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या घराला ते आधी कळावे, हा त्या घराचा अधिकार आहे.

नावांवरून मात्र उगम ओळखता येत नाही. काही भरींत कोलॅजेनचे नावही नसते, तरीही त्यांतील खनिज गाईच्या हाडाचे असते. तापवून व रसायनांनी धुऊन त्यातले सेंद्रिय द्रव्य तेवढे काढलेले असते. एका प्रचलित प्रकारात नऊ भाग गाईच्या हाडाचे खनिज आणि एक भाग डुकराचे कोलॅजेन असते. ‘हायड्रॉक्सिॲपटाइट’ हा शब्द वेष्टनावर असला तर ते प्रयोगशाळेत बनविलेले असेल, प्राण्याच्या हाडाचे असेल, किंवा समुद्रातील प्रवाळाचेही असेल. शिवाय भर सोडून इतर वस्तूही आहेत. रक्त थांबविण्यासाठी ठेवतात तो स्पंज पुष्कळदा जिलेटिनचा असतो. टाक्यांचा विरघळणारा जुना धागा, कॅटगट, हा मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्यांचा असतो. आणि तोंडातील टाक्यांसाठी नेहमी वापरला जाणारा काळा धागा रेशमाचा असतो. ज्या घरात रेशमी वस्त्र वर्ज्य मानतात त्यांनी हे ध्यानात ठेवावे. जखम बरी होण्यासाठी लिहून दिलेल्या कॅप्सूलचे कवचही याच वर्गात मोडते.

दुसरे मार्ग कोणते?

हाड बांधणारे शरीर आहे आणि बाहेरचे द्रव्य केवळ आधार आहे, असे आम्ही वर म्हटले. त्याचाच अर्थ असा की आधार एकच असावा लागतो असे नाही. ज्यांना प्राणिजन्य द्रव्य नको त्यांच्यासाठी आज पुढील मार्ग आहेत.

पहिला मार्ग रोग्याच्या स्वतःच्या हाडाचा. हनुवटीचा किंवा शेवटच्या दाढेमागचा थोडा भाग काढून पोकळीत बसवितात. यात जिवंत अस्थिपेशी असतात, आणि इतर सर्व भरींची तुलना आजही याच्याशीच केली जाते. अडचण इतकीच की दुसरी जखम करावी लागते आणि मिळणारे हाड मर्यादित असते.

दुसरा मार्ग रोग्याच्या स्वतःच्या रक्ताचा. फ्रान्समधील शुक्रून यांनी २००१ साली ही रीत प्रसिद्ध केली. हाताच्या शिरेतून थोडे रक्त काढून, त्यात काहीही न मिसळता, ते लगेच यंत्रात फिरवितात. तांबड्या पेशी खाली बसतात आणि मध्ये फायब्रिन नावाच्या प्रथिनाची मऊ जाळी तयार होते. ती दाबली की पडदा होतो. तिच्यात जखम भरण्यास साहाय्य करणारी द्रव्ये असतात. मात्र ती सुमारे एकदोन आठवड्यांतच विरते आणि नरम असते. म्हणून एकटीने मोठी पोकळी भरण्याची अपेक्षा तिच्याकडून करू नये. कृत्रिम कणांशी मिसळून तिचा उपयोग चांगला होतो.

तिसरा मार्ग प्रयोगशाळेत बनविलेल्या द्रव्यांचा. याला मोठा इतिहास आहे. जर्मनीत ड्रीसमन यांनी १८९२ मध्येच हाडातील पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्याचे प्रसिद्ध केले होते. आज ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, कृत्रिम हायड्रॉक्सिॲपटाइट, आणि अमेरिकेतील लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये शोधलेली, हाडाशी घट्ट जडणारी विशिष्ट काच, अशी द्रव्ये मिळतात. यांपैकी काही काही महिन्यांत विरघळतात, काही वर्षानुवर्षे तशीच राहतात. कोणते कोठे योग्य हे दंतवैद्याने ठरवावयाचे असते. विरघळणारे कृत्रिम पडदेही आहेत. न विरघळणारे पडदेही आहेत, पण ते नंतर काढावे लागतात.

चौथा मार्ग मानवी हाडाचा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ पासून ऊतकपेढी चालते. मृत्यूनंतर संमतीने दान केलेली किंवा शस्त्रक्रियेत काढावी लागलेली हाडे तेथे स्वच्छ करून, वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक केली जातात. यात कोणत्याही जीवाची हत्या नाही. तरीही दुसऱ्या माणसाचे हाड शरीरात घ्यावे की नाही, याविषयी भावना निरनिराळ्या असू शकतात.

पाचवा मार्ग अद्याप बाल्यावस्थेत आहे. इस्रायलमध्ये तंबाखूच्या रोपात मानवी कोलॅजेनची जनुके घालून त्या रोपांच्या पानांतून कोलॅजेन मिळविले जाते. दंतवैद्यकात ते अजून सर्रास आलेले नाही. ज्या वनस्पतीने असंख्य जबड्यांची हानी केली तिच्याकडून उद्या जबड्यांची सेवा घडली तर आनंदच आहे.

कोणता मार्ग निवडावा, हे पोकळीच्या आकारावर अवलंबून असते. एका दाढेच्या खोबणीसाठी किंवा लहान खड्ड्यासाठी कृत्रिम कण व स्वतःचे रक्त यांनी पुष्कळदा काम भागते. जेथे जबड्याची रुंदीच गेली आहे तेथे प्राणिजन्य द्रव्य टाळावयाचे तर स्वतःचे हाड द्यावे लागेल, वेळ अधिक लागेल, कदाचित खर्चही वाढेल. काही प्रसंगी भरच न घालता आखूड इम्प्लांट, दातांचा पूल किंवा चांगली कवळी हा शहाणपणाचा मार्ग ठरतो. व्रत पाळण्याची काही किंमत असते. ती आधी माहीत असली म्हणजे माणूस ती समाधानाने देतो. आणि कोणी सर्व विचार करून प्राणिजन्य द्रव्य स्वीकारले तर त्याचा न्याय करण्याचा अधिकार आमचा नाही. तो प्रश्न ज्याचा त्याने आपल्या मनाशी आणि आपल्या गुरुमहाराजांशी बोलून सोडवावा.

विचारावयाचे ते आधी

हॉलंडमधील शल्यवैद्य योब व्हान मेकेरेन यांच्या १६६८ मधील लिखाणात एक नोंद आहे. रशियातील एका योद्ध्याच्या कवटीची जखम कुत्र्याच्या हाडाने भरण्यात आली. जखम बरी झाली, परंतु त्याच्या धर्मपीठाला ते रुचले नाही. तेव्हा त्याने ते हाड काढून टाकण्याची विनंती केली. पण तोवर ते इतके जुळून आले होते की काढता येईना. साडेतीनशे वर्षांपूर्वीची ही हकीकत आजही बोध घेण्यासारखी आहे. भरीचा प्रश्न शस्त्रक्रियेनंतर सुटत नाही. तो आधी विचारावयाचा असतो.

तेव्हा दंतवैद्याने भरीचा सल्ला दिल्यावर पाच प्रश्न नम्रपणे विचारावेत. भर खरोखर आवश्यक आहे काय, आणि न घातल्यास काय होईल? भर, पडदा, स्पंज आणि टाक्यांचा धागा, या प्रत्येकाचा उगम कोणता? कृत्रिम किंवा स्वतःचे हाड-रक्त वापरून हे काम होईल काय? तसे केल्यास वेळ, खर्च आणि यशाची शक्यता यांत काय फरक पडेल? आणि वापरावयाच्या वस्तूचे माहितीपत्रक आधी पाहावयास मिळेल काय? जे ठरेल ते संमतिपत्रावर लिहून घ्यावे. तोंडी सौदा आणि लेखी सौदा यांतला फरक आपल्या वाचकांना सांगावयास नको. दंतवैद्यांच्या बाजूनेही एक शब्द सांगतो : ऐन शस्त्रक्रियेच्या वेळी, भूल दिल्यावर, हा विषय काढणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. चार दिवस आधी सांगितले तर हवी ती वस्तू मागविता येते.

आपल्या आचाराच्या आणखी दोन गोष्टी दंतवैद्याला अवश्य सांगाव्यात. जे चौविहार पाळतात त्यांना सूर्यास्तानंतर औषध घेता येत नाही. हे आधी कळले तर शस्त्रक्रिया सकाळी ठेवून औषधांच्या वेळा तशा बसविता येतात किंवा दिवसातून एकदा-दोनदा घ्यावयाचे औषध निवडता येते. तसेच दीर्घ उपवासाच्या काळात, विशेषतः पर्युषणाच्या आसपास, तातडी नसेल तर अशी शस्त्रक्रिया ठेवू नये. हाड बांधण्यासाठी शरीराला अन्न, पाणी आणि क जीवनसत्त्व लागते.

आणि ज्याला कोणतीही भर पुरी पडत नाही असे दोन शत्रू आपल्या पेढीवरच बसलेले असतात. एक तंबाखू, तिने हिरडीच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि जखमेला रक्त मिळत नाही. दुसरा मधुमेह; दिवसभर गादीवर बैठक, वेळीअवेळी फरसाण आणि गोड चहा यांनी तो घरोघर शिरला आहे. रक्तातील साखर आटोक्यात नसेल तर जखम चिघळते आणि महाग भरही वाया जाते. दात सकाळ-संध्याकाळ स्वच्छ करणे, तंबाखू सोडणे आणि साखर तपासून घेणे, यांत ना हिंसा आहे ना खर्च. आणि भरीची वेळच न येऊ देणारा याहून चांगला उपाय नाही.

प्रश्न विचारल्याने काय होते, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर मिठाईवरच्या चांदीच्या वरखात आहे. हा वरख गुरांच्या आतड्याच्या चामड्याच्या पानांत ठेवून कुटला जात असे. आपल्या समाजातील गिऱ्हाइके व व्यापारी तो कसा होतो हे विचारू लागले, काहींनी तो घेणेच सोडले, यंत्रावर केलेला वरख बाजारात आला, आणि २०१६ साली भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वरखाच्या निर्मितीत प्राणिजन्य द्रव्य वापरू नये असा नियम केला. जेथे गिऱ्हाईक विचारते तेथे माल बदलतो. दंतवैद्यकातही निर्मळ उगमाच्या भरी आज आहेत, आणि मागणी होईल तशा त्या अधिक चांगल्या व स्वस्त होतील. आपल्या सभासदांत औषधांचे व शस्त्रक्रियेच्या साहित्याचे व्यापारीही आहेत. प्रत्येक वस्तूचा उगम स्पष्ट लिहिलेली यादी त्यांनी दंतवैद्यांकडे ठेवली तर समाजाची मोठी सेवा घडेल. सर्व सभासद परिवारांना निरोगी दात आणि निश्चिंत मन लाभो, ही आमची शुभकामना.